जड काच

भिंगवाल्याच्या मुलीला ऊन सोसत नसे. आपण कपाळावर हात धरून ‘काय हे ऊन’ म्हणतो, तसलं नव्हे. उघड्या चेहऱ्यानं ती थोडा वेळ जरी बाहेर राहिली, तरी उकळतं पाणी पडल्यासारखी तिची कातडी फोडांनी भरायची. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत सांगून टाकलं होतं की एकेक फोड म्हणजे पुढच्या मोठ्या दुखण्याला दिलेलं आमंत्रण आहे, आणि ते दुखणं एकदा आलं की कुणाच्या हातात काही राहत नाही. त्या दिवशी बापाच्या पोटात जो गोळा आला, तो काही विरघळला नाही. मुलीचे दुधाचे दात पडून नवे आले, ती वरच्या वर्गात गेली, पण गोळा आपला जागच्या जागी.

मुलीचं घरातलं नाव पाकोळी, कारण दिवे लागले की ती बाहेर पडायची. दिवसा शाळेत जायचं तर लांब बाह्या, हातमोजे आणि रुंद काठाची टोपी, तिला पुढून शिवलेला पारदर्शक पडदा. शेजारी फुकटचे सल्ले द्यायचे. पोरीला जरा ऊन लागू द्या, किती पिवळी पडलीय, अजून कुठल्या जमान्यात आहात. भिंगवाला अशा लोकांना उत्तर देत नसे. तोंड उघडलं तर आतून काय बाहेर पडेल याची त्याची त्यालाच खात्री नव्हती.

टोपीच्या आत चेहऱ्याला क्रीम असायचंच. अडचण अशी की क्रीम चोळलं की जिरतं, दिसेनासं होतं, आणि मग कुठं लागलं नि कुठं राहिलं ते देवालाच ठाऊक. एकदा कानामागे राहिलं. बोटाच्या पेराएवढी जागा. तिथला व्रण अजून आहे, आणि मुलीची वेणी घालायची पाळी आली की भिंगवाला तिकडे बघायचं टाळतो.

त्या फोडानंतर त्यानं ठरवलं की जे ऊन डोळ्यांना दिसत नाही, ते पाहणारा कॅमेरा आपणच करायचा. धंदाच भिंगांचा. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं दुरुस्तीचं दुकान होतं, आणि गावभरचे बिघडलेले कॅमेरे, दुर्बिणी, सूक्ष्मदर्शक त्याच्या टेबलावर येऊन पडायचे. त्यानं एका जुन्या कॅमेऱ्याच्या पोटातून अतिनील किरण अडवणारी काच काढून टाकली. पुढे कोळशासारखा काळा फिल्टर बसवला, ज्यातून आपला नेहमीचा उजेड जात नाही, फक्त अतिनील जातं. फ्लॅशच्या तोंडावरचं प्लास्टिकही उपटलं. इथवर सगळं सरळ होतं. भिंग मात्र मिळता मिळेना.

महागडी भिंगं होती की. एकेकात सात-आठ काचा, त्यांच्यावर जांभळट लेप, मध्ये गोंद. फोटो असा यायचा की पापणीचे केस मोजून घ्या. पण अतिनील किरण त्या काचांमधून जाता जाता वाटेतच मरतात. बडा घर पोकळ वासा, असं म्हणून त्यानं ती कपाटात ढकलली. हवं होतं ते भंगाराच्या टोपलीत निघालं. पूर्वी निगेटिव्हवरून मोठे फोटो काढायचं यंत्र असे, त्याचं भिंग. आत सुट्या तीन काचा, लेप नाही, गोंद नाही, आणि किंमत म्हणाल तर टोपलीवाल्यानं ते असंच देऊन टाकलं. त्याला स्वतःची फोकसची सोय नव्हती, म्हणून भिंगवाल्यानं लेथवर पितळेची कडी कातली आणि मागेपुढे सरकणारी फिरती नळी जोडली. डोळ्यांनी फोकस धरला की अतिनीलसाठी नळी आणखी केसभर फिरवावी लागते. तिथं त्यानं सुईनं खूण ओरखडून ठेवली.

क्रीम हे किरण गिळतं. म्हणून फोटोत जिथं क्रीम तिथं काळं, आणि जिथं राहिलं तिथं उजळ. पाकोळीनं स्वतःचा असा फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा ‘मी तव्यासारखी दिसते’ म्हणून ती जमिनीवर लोळून हसली होती. कॅमेऱ्याचे सगळे आकडे ठरवून भिंगवाल्यानं ते चिकटपट्टीनं जाम करून टाकले. मोकळा सोडलेला कॅमेरा अंधाराला आपल्या अकलेनं उजळवतो, आणि मग काळं किती काळं ते कळत नाही. मागची पांढरी भिंतसुद्धा फोटोत काळीच यायची, कारण भिंतीच्या रंगातही क्रीममधलीच भुकटी असते.

रोज सकाळी दोन फोटो. एक क्रीमच्या आधी, एक नंतर. पहिल्यात चेहरा उजळ यायचा, दुसऱ्यात काळा, आणि दुसऱ्यात रोज कुठं ना कुठं तिळाएवढी जागा चमकत राहिलेली असायचीच. नाकपुडीच्या कडेला, भुवईच्या टोकाला, ओठाखाली. बायको तिथं बोट टेकवायची, पुन्हा फोटो, आणि मगच दार उघडायचं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. या घरात पाणीसुद्धा फुंकून पीत.

मग एका संध्याकाळी साफ करताना भिंग त्याच्याच हातून निसटलं. मागच्या काचेचा कोपरा उडाला. तसं काही बिघडलं नव्हतं, फोटोत एका बाजूला धुकं यायचं एवढंच. पण कामातली खोट त्याला सहन होत नसे. त्यानं खणातल्या सुट्या काचा उपसल्या आणि तेवढ्याच रुंदीची, तेवढ्याच फुगवट्याची एक काच शोधून काढली, झऱ्याच्या पाण्यासारखी स्वच्छ. तळहातावर घेतली तेव्हा ती जराशी जड वाटली. वाटली आणि वाटून गेली. काळा फिल्टर काढून त्यानं समोरच्या वर्तमानपत्राचा फोटो घेतला, बारीकातली बारीक अक्षरं लख्ख आली, आणि गडी खूश होऊन जेवायला बसला.

दुसऱ्या दिवशी शाळेत वर्गाचा फोटो होता. दरवर्षीच्या फोटोत पाकोळी म्हणजे एक टोपी आणि एक पडदा. या वर्षी तिनं स्वतः डॉक्टरीणबाईंना विचारलं होतं, आणि बाईंनीही, क्रीमचा जाड थर असेल आणि काम झटपट उरकणार असेल तर फोटोपुरती टोपी काढायला हरकत नाही, असं म्हटलं होतं. तेव्हापासून आठवडाभर बाप रोज सकाळी आभाळात ढग शोधत होता.

त्या सकाळी तो उठला तर पाकोळी गणवेश घालून, केस विंचरून, क्रीम लावून तयार.

“मी लावलं,” ती म्हणाली. “सगळं. तुम्ही दोघं घोरत होतात.”

“आणि आधीचा फोटो?”

“आधी माझा चेहरा कसा असतो ते माहितीये की तुला, बाबा.”

बायको हसली. “आता काय पुसून परत लावायला सांगता? घ्या लवकर, उशीर होईल.”

त्यानं मुलीला भिंतीपुढे उभं केलं, डोळे मिटायला लावले आणि फोटो घेतला. समोरून, डावीकडून, उजवीकडून. चेहरा काळा. कान काळे, कानामागे काळं, नाकपुड्यांच्या कडा काळ्या. एक तीळ उजळ नाही. बायकोनं त्याच्या खांद्यावरून वाकून पाहिलं आणि म्हणाली, “बघा, आईपेक्षा लेक शहाणी निघाली.” पाकोळीची कॉलर त्या दिवशी ताठ झाली. दोघी मायलेकी निघून गेल्या, आणि तो दुकानाचं फळकूट उघडून एका दुर्बिणीचा अडकलेला स्क्रू सोडवायला बसला.

स्क्रू काही सुटेना. मन थाऱ्यावर नव्हतं. आज खरं तर त्याला बरं वाटायला हवं होतं, आणि नेमकं तेच त्याला टोचायला लागलं. इतक्या वर्षांत एकही सकाळ अशी गेली नव्हती की पहिल्याच खेपेला काही राहिलं नाही. त्याच्या बायकोचा हात मुरलेला, तिच्याकडूनही राहायचं. आणि आज एवढ्याशा पोरीनं, अर्धवट उजेडात, आरशासमोर घाईघाईनं लावलेलं क्रीम एकदम बिनचूक? त्यानं कॅमेरा ओढला आणि सकाळचा फोटो पडद्यावर मोठा करून पाहिला. काळं. सारखं काळं. एखादी विहीर वरून पाहावी तसं.

मग त्याला तळहातावरचं ते वजन आठवलं.

काही नसेल, तो स्वतःला म्हणाला, आपल्याला काय, भ्यायला निमित्तच लागतं. असं म्हणता म्हणता त्यानं कॅमेरा उलटा धरला, हात लांब केला, डोळे मिटले आणि स्वतःचाच फोटो घेतला. त्याच्या चेहऱ्याला क्रीमचा थेंब नव्हता. उभ्या आयुष्यात कधी नव्हता. पडद्यावर त्याचा चेहरा उजळ यायला हवा होता.

तो काळा होता. मुलीचा होता तेवढाच.

काच जड जातीची होती, शिसं घातलेली. आपल्या डोळ्यांना आरपार, पण अतिनीलला दगडी भिंत. हे त्याला माहीत नव्हतं असं नाही, गिऱ्हाइकांना तो हे चढ्या आवाजात समजावून सांगायचा. पण क्रीम लागलं तरी काळं, आणि कॅमेरा आंधळा झाला तरी काळंच. दोन्ही काळी एकसारखी दिसतात, आणि त्यानं आपल्याला हवं होतं ते पाहिलं होतं. मुलीच्या चेहऱ्यावर क्रीम किती आहे, कुठं आहे, कुठं नाही, यातलं आता त्याला काहीच माहीत नव्हतं. आणि ती टोपी काढून उन्हात बसणार होती.

त्यानं बायकोला फोन लावला. फोन आतल्या खोलीत उशीखाली वाजला.

शाळेचा नंबर शोधण्यात त्यानं वेळ घालवला नाही. उडालेल्या कोपऱ्याची जुनी काच रुमालात गुंडाळली, खिशात टाकली, कॅमेरा आणि फ्लॅश गळ्यात अडकवला आणि दुकान उघडं टाकून तो पळत सुटला. खाकी डगला अंगात तसाच. मागून चहावाला काहीतरी ओरडला, ते त्यानं ऐकलं नाही.

रस्त्यावर ऊन ही एवढी गोष्ट असते, हे त्याला जणू तेव्हा कळलं. समोरून येत होतं, फरशीवरून उसळत होतं, मोटारींच्या काचांवरून, पत्र्याच्या शटरांवरून, पांढऱ्या शर्टांवरून अंगावर येत होतं. लोक त्यात उभे राहून गप्पा मारत होते, एक बाई बाळाला मांडीवर घेऊन बाकावर बसली होती. त्या सगळ्यांचा त्याला राग आला. धावताना त्याच्या डोळ्यांपुढे कानामागचा तो फोड येत होता, फक्त आता तो गालावर होता, कपाळावर होता, पापणीवर होता. डॉक्टरीणबाईंचा चेहरा येत होता. त्या काही बोलत नव्हत्या, आणि त्यांनी काही बोलू नये असंच त्याला वाटत होतं. पायात गोळे आले तरी तो थांबला नाही.

शाळेच्या पटांगणात बाकं मांडून पोरांना रांगांनी बसवलं होतं. मागची उभी, पुढची मांडी घालून. पोट सुटलेला फोटोवाला एका उंच मुलाला कुठं उभं करावं या विवंचनेत होता आणि सगळा वर्ग ताटकळत होता. मधल्या रांगेत पाकोळी होती. टोपी मांडीवर, चेहरा वर, शेजारच्या मुलीनं कानात काहीतरी सांगितलं होतं त्यावर ती हसत होती. आपली मुलगी उन्हात हसताना भिंगवाल्यानं आजवर पाहिली नव्हती. त्याला धड एक क्षणही ते पाहता आलं नाही.

तो रांगेत घुसला. कुणाचा तरी पाय तुडवला गेला, एक बाक आडवं झालं. डगला काढून त्यानं तिच्या डोक्यावरून टाकला, तिला त्यात गुंडाळली आणि पोतं उचलावं तशी उचलली. मग कुणीतरी फिस्सकन हसलं आणि हसू सगळ्या रांगांमधून पसरलं. “अरे, पळवली,” एक पोरगा म्हणाला. डगल्याच्या आतून आवाज आला, “सोड. बाबा, सोड मला.” त्यानं सोडलं नाही.

एक वर्ग रिकामा होता. त्यानं पडदे ओढले, दार लावलं. फोटोसाठी शाळेतच थांबलेली बायको मागोमाग धापा टाकत आली.

“काय झालं? अहो, काय झालं ते सांगा तरी.”

“काच,” तो म्हणाला. “काच चुकीची होती. सकाळचा फोटो खोटा आहे. तिला क्रीम लागलेलंच नसेल.”

बायकोच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं नळी काढली, भिंग उलटं केलं, मागची कडी सोडवायला घेतली, पण बोटं इतकी थरथरत होती की कडी फिरेना. तेव्हा बायकोनं त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरून ठेवलं. एरवी झोपेतसुद्धा केलं असतं ते काम त्यानं असं दुसऱ्यानं हात धरल्यावर पुरं केलं. जड काच टेबलावर पडली. जुनी, कोपरा उडालेली, आत बसली. मग त्यानं आधी स्वतःचा फोटो काढून पाहिला. एका बाजूला धुकं होतं, पण चेहरा उजळ आला. कॅमेरा आता खरं बोलत होता, आणि पुढचा फोटो घ्यायची त्याला छाती होईना.

पाकोळी बाकावर डगल्याच्या आत तशीच बसून होती.

“काढ ते,” तो म्हणाला. “आणि डोळे मीट.”

तिनं डगला काढला. डोळे आधीच मिटलेले होते. फ्लॅश उडाला.

तिघंही पडद्यावर वाकले नाहीत, दोघंच वाकले. कपाळ काळं होतं. भुवया, नाकपुड्यांच्या कडा, ओठाखालची खळी, कानाच्या पाळ्या, सगळं काळं. फक्त दोन्ही डोळ्यांखालून एकेक उजळ रेघ गालावर उतरली होती आणि खाली पसरली होती, मुठीनं पुसल्यावर पसरते तशी.

“हे राहिलं होतं?” बायकोनं दबक्या आवाजात विचारलं. “एवढं मोठं?”

भिंगवाल्यानं त्या दोन रेघा पडद्यावर मोठ्या केल्या. मग म्हणाला, “नाही. हे आत्ताचं आहे.”

“कुठं राहिलं होतं?” बाकावरून पाकोळीनं विचारलं.

“कुठंच नाही.”

“मग?”

त्यानं मागे वळून पाहिलं तर ती त्याच्याकडेच बघत होती, लाल डोळ्यांनी.

“मी घाबरलो,” तो म्हणाला.

“तू रोजच घाबरतोस,” ती म्हणाली. रागानं नव्हे. आज शनिवार आहे, असं सांगावं तशा आवाजात. ते ऐकून त्याला त्या रस्त्यावरच्या उन्हापेक्षा जास्त भाजलं.

दार किलकिलं झालं आणि वर्गाच्या बाईंनी डोकं आत घातलं. “फोटोवाले थांबलेत,” त्या म्हणाल्या. “पण फार थांबायचे नाहीत, त्यांना दुसरीकडे जायचंय. ही येणार आहे का?”

पाकोळीनं आईच्या पिशवीतून क्रीमची नळी काढली. हाताच्या पाठीवर मोठा थेंब घेतला आणि डोळ्यांखाली, गालांवर, आधी ठिपके मग गोल गोल, असं लावत गेली. आरसा नव्हता. बोटं नाकाच्या कडेला गेली, खाली हनुवटीपर्यंत आली, परत वर गेली. ती कधी एवढं नीट शिकली ते त्या दोघांनाही माहीत नव्हतं. झाल्यावर तिनं न सांगता डोळे मिटले आणि चेहरा पुढे केला.

त्यानं फोटो घेतला. काळा. रेघा नव्हत्या. त्यानं तो मोठा करून इंच इंच पाहिला, मग बायकोनं पाहिला, मग पुन्हा त्यानं. सापडावं म्हणून शोधत होता, हे त्याचं त्याला कळत होतं. एक तीळ जरी सापडला असता तरी नको म्हणायला आधार झाला असता.

“जाऊ?” तिनं विचारलं.

नको, हा शब्द त्याच्या जिभेवर होता. ऊन आता चढलंय, फोटोवाला वेळ लावणार, कोपरा उडालेल्या काचेवर कितीसा भरवसा ठेवायचा, घाम आला तर, कुणाचा हात लागला तर. सगळी कारणं खरी होती. बायको त्याच्याकडे बघत होती, दारातल्या बाई बघत होत्या.

“जा,” तो म्हणाला.

ती टोपी घालून गेली. तो दारापर्यंत मागे गेला आणि ओसरीच्या खांबाला धरून उभा राहिला. पोरांनी तिला जागा दिली, दोन-तीन जणांनी अजून दात काढले, शेजारच्या मुलीनं कोपरानं त्यांना गप्प केलं. पाकोळी बसली. टोपी काढून तिनं मांडीवर ठेवली. ऊन तिच्या अख्ख्या चेहऱ्यावर पडलं, आणि भिंगवाल्याची बोटं खांबावर पांढरी झाली. त्या उंच मुलाची जागा पुन्हा बदलली. मग कुणाचा तरी टाय सरळ केला गेला. त्याला ओरडायचं होतं, त्या ढेरपोट्याला गदागदा हलवायचं होतं.

“सगळ्यांनी इकडे बघा,” फोटोवाला अखेर म्हणाला. “मधल्या रांगेतली मुलगी, तू पण.”

पण पाकोळी कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. ती ओसरीवर उभ्या असलेल्या बापाकडे बघत होती, आणि तो हसेपर्यंत वाट पाहत राहिली.